वजन घटवणारी शस्त्रक्रिया ‘सोपा मार्ग’ नव्हे. टीकाकार आणि जाहिरातदार यांची चूक एकच

अड्यार (चेन्नई) : चेन्नईतील अड्यार आणि त्याला लागून असलेला बेझंट नगरचा किनारा हा पहाटे चालायला येणाऱ्यांचा आवडता परिसर. तामिळनाडू शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात आठ किलोमीटरचा चालण्याचा मार्ग आखण्याची योजना सुरू केली, तेव्हा राजधानीतील मार्गही याच भागात आखण्यात आला. ‘नडप्पोम् नलम् पेरुवोम्’, म्हणजे ‘चालू या, आरोग्य मिळवू या’, असे या योजनेचे नाव. योजना चांगली आहे. परंतु १३० किलो वजनाच्या, गुडघे झिजलेल्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसाला हा मार्ग दाखवला, तर त्याच्यासाठी ते आरोग्याचे आमंत्रण राहत नाही, ती एक परीक्षा होते. सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. आठ किलोमीटर तो उचलणे हे तरुण, सडपातळ माणसाच्या फेरफटक्यासारखे नसते.

तरीही, असा माणूस याच शहरातील एखाद्या रुग्णालयात जाऊन वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतो, तेव्हा त्याच्याविषयी पहिला शेरा बहुधा हाच असतो की त्याने सोपा मार्ग निवडला. चालायचा कंटाळा, जिभेवर ताबा नाही, म्हणून पोटच कापून घेतले. हा शेरा शेजारी मारतात, नातेवाईक मारतात, कधीकधी आजार ठाऊक असलेले डॉक्टरही मारतात. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेवरील टीकेचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ प्रकार आहे.

या टीकेला सामान्यतः जे उत्तर दिले जाते ते भावनेचे असते : रुग्णाला दुखवू नका. ते योग्य आहे, पण अपुरे आहे. ‘सोपा मार्ग’ हे शब्द केवळ कठोर नाहीत, ते वस्तुस्थितीला धरूनही नाहीत. शिवाय ते फक्त टीकाकारांचे नाहीत. शस्त्रक्रिया विकणारा जाहिरातफलकही नेमके हेच सांगतो : एक दिवस दाखल व्हा, काही महिन्यांत निम्मे व्हा. निंदा करणारा आणि विक्री करणारा, दोघेही एकाच गैरसमजावर उभे आहेत, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आधी ‘कठीण मार्ग’ म्हणजे काय ते पाहावे लागेल, कारण टीका त्याच्याशी तुलना करून केली जाते. कमी खा, जास्त चाला. थोडे वजन वाढलेल्या माणसाला हे बहुधा पुरेसे असते. अतिस्थूल माणसाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमधील प्राथमिक आरोग्यसेवेच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, ४० ते ४५ या दरम्यान असलेल्या पुरुषांपैकी एका वर्षात सामान्य वजनापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १,२९० मध्ये एक निघाले. स्त्रियांमध्ये ६७७ मध्ये एक. शस्त्रक्रिया झालेल्यांना या गणनेतून वगळले होते. इतक्या माणसांना एकाच वेळी आळशी ठरवण्यापेक्षा, उपायच अपुरा आहे का, हा प्रश्न अधिक शहाणपणाचा ठरेल.

शरीर वजन का परत आणते, याचेही बऱ्यापैकी उत्तर आता उपलब्ध आहे. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा पाठपुरावा संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घटवले होते. सहा वर्षांनी त्यातील सरासरी ४१ किलो परत आले. त्याहून लक्षवेधी बाब अशी की त्यांचे शरीर विश्रांतीच्या स्थितीत, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होते. शिक्षा संपली तरी शरीर काटकसर सोडत नव्हते. ऑस्ट्रेलियातील २०११ च्या एका अभ्यासात आहाराने वजन घटवलेल्या व्यक्तींमध्ये भूक वाढवणारी संप्रेरके एका वर्षानंतरही चढीच असल्याचे दिसले. संक्रांतीच्या सुमारास केलेला निश्चय होळीपर्यंत का ढळतो, याचे सगळे खापर मनोबलावर फोडता येत नाही.

शस्त्रक्रिया या लढाईची जागा बदलते. अमेरिकेतील आयोवाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासची पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा समज साधा होता : पोट लहान केले की माणूस कमी खाईल. आज सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक भाग काढून टाकला जातो आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. मात्र जो भाग जातो, त्यातच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात थेट उतरते आणि तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात. काही मधुमेही रुग्णांची साखर तर वजन फारसे उतरण्याआधीच सुधारू लागते. म्हणजे ही केवळ पोटाची दुरुस्ती नाही. भूक आणि तृप्ती यांच्या संदेशवहनात केलेला तो हस्तक्षेप आहे.

पण भूक मंदावली म्हणजे काम संपले, असे नाही. ‘सोपे’ या शब्दाचा खरा कस येथून पुढे लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वी बहुतेक ठिकाणी दोन आठवडे अत्यल्प उष्मांकांचा, प्रामुख्याने द्रव आहार घ्यावा लागतो, जेणेकरून यकृताचा आकार कमी होऊन शल्यचिकित्सकाला जागा मिळेल. त्यानंतर पहिले काही दिवस पातळ पदार्थ, मग गाळलेले आणि घोटलेले, मग मऊ अन्न, असा सहा ते आठ आठवड्यांचा प्रवास. जेवताना पाणी प्यायचे नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. एकेक घास सावकाश चावायचा. लहानशा पोटातून रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायची, जे शाकाहारी घरात वाटते तितके सहज जमत नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरल्याने काहींना पित्ताशयात खडे होतात. बायपास झालेल्याने गोड पदार्थ भरभर खाल्ला, तर घाम, धडधड आणि चक्कर. तरुण स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा लांबवण्याचा सल्ला दिला जातो. जीवनसत्त्व ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर, शिवाय ठरावीक काळाने रक्ततपासणी. भारतात ब-१२ ची कमतरता मुळातच व्यापक असल्याने या गोळ्या टाळणे विशेष महागात पडू शकते. मज्जातंतूंची हानी झाली, तर ती नेहमीच भरून निघत नाही.

यात एक अडचण कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही. ती म्हणजे पंगतीतला आग्रह. शंभर-दीडशे मिलिलिटर क्षमता उरलेल्या पोटाचा माणूस लग्नाच्या जेवणाला बसतो आणि ‘एवढेच?’ हा प्रश्न चारही बाजूंनी येतो. चेन्नईत केळीच्या पानावर पायसम वाढणारा जसा थांबत नाही, तशीच कोल्हापूर-साताऱ्याकडची वाढपी मंडळीही थांबत नाहीत. शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे, तर ‘सोपा मार्ग’. न सांगावे, तर पानात टाकले म्हणून यजमानांचा राग. अनेक रुग्ण मधला पर्याय काढतात : जेवण झाले आहे, असे सांगून दूर बसतात.

परिणामांचा सर्वांत दीर्घ पुरावा स्वीडनमधून येतो. तेथील अभ्यासात १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींची तुलना करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वय व अन्य घटकांचा विचार करता शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी होता. याच अभ्यासातील २०२० च्या विश्लेषणाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान तशाच स्थूल, पण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक होते. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा मात्र ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. सोप्या मार्गाने गेलेला माणूस इतरांच्या बरोबरीने मुक्कामी पोहोचायला हवा होता. हा पोहोचत नाही. आजाराने आधीच घेतलेले सगळे परत मिळत नाही.

याच स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत पाच जण दगावले. प्रमाण पाव टक्का. तंत्र तेव्हापासून सुधारले आहे, दुर्बिणीद्वारे होणाऱ्या आजच्या शस्त्रक्रियांमधील मृत्यूचे प्रमाण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या आसपास सांगितले जाते. तथापि, आकडा लहान असला तरी शून्य नाही, हे चेन्नईने अलीकडेच पाहिले. एप्रिल २०२४ मध्ये पुदुच्चेरीचा २६ वर्षांचा, सुमारे १५० किलो वजनाचा तरुण चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला आणि मरण पावला. कुटुंबीयांच्या तक्रारीनंतर राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी केली. रुग्णालयाची नोंदणी काही काळ निलंबित करण्यात आली. त्या घटनेनंतर ‘कशाला हवी होती शस्त्रक्रिया, चालायचे होते’ असे म्हणणारे अनेक निघाले. अतिदक्षता विभाग सज्ज होता का, भूलतज्ज्ञाची तयारी काय होती, हे विचारणारे त्या मानाने थोडे. दोष रुग्णाच्या स्वभावात शोधला, की रुग्णालयाच्या सज्जतेचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

सार्वजनिक जीवनातील उदाहरणेही बोलकी आहेत. तत्कालीन भाजप अध्यक्ष नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि महाराष्ट्रातील मोठ्या वर्गाला तिची ओळख त्या बातमीतून झाली. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत शस्त्रक्रिया झाली; दीर्घकाळच्या मधुमेहामुळे ती करावी लागल्याचे सांगण्यात आले. पुढे छातीतील संसर्गामुळे त्यांना ‘एम्स’मध्ये दाखल व्हावे लागले. देशातील उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या व्यक्तीलाही हा मार्ग सुरळीत लाभला नाही.

मुंबईने २०१७ मध्ये याच विषयाचे दुसरे टोक पाहिले. इजिप्तमधील इमान अहमद यांना, जगातील सर्वांत वजनदार स्त्री म्हणून, फेब्रुवारीत विमानाने आणण्यात आले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या घटत्या वजनाचे आकडे धावफलकासारखे प्रसिद्ध होत राहिले. पुढे कुटुंबीय आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तेथे त्यांचा मृत्यू झाला. किलोंची मोजदाद करणाऱ्या बातम्यांमध्ये हृदय, मूत्रपिंड आणि अर्धांगवायू यांनी ग्रासलेली एक ३७ वर्षांची स्त्री जवळजवळ दिसेनाशी झाली होती. चमत्काराची भाषा आणि निंदेची भाषा यांत फार अंतर नसते.

‘सोपे’ या शब्दाचे वैद्यकीय परिणामही आहेत. लाजेपोटी शस्त्रक्रिया लपवणारा रुग्ण दोन-तीन वर्षांनी तपासणीला जाणे सोडतो. दुसऱ्या आजारासाठी गेलेल्या डॉक्टरांनाही तो सांगत नाही, आणि पोटाला त्रास देणारी वेदनाशामके घेऊन बसतो. वजन थोडे परत आले, की ते अपयश पुन्हा स्वतःच्या माथी घेतो. वास्तविक काही प्रमाणात वजन परत येणे अपेक्षितच असते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्यविकाराचे प्रमाण ७.६ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर गेल्याचे आढळले, कारण बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने शिरते. युटा राज्यातील २००७ च्या अभ्यासात आजाराने होणारे मृत्यू बरेच घटले, पण अपघात व आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू शस्त्रक्रिया झालेल्या गटात अधिक निघाले. मानसिक आधार हा या उपचाराचा शोभेचा भाग नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. ज्याला सोपे काम म्हणून हिणवले, त्याच्यासाठी आधार मागायला जाणार कोण?

विमा कंपन्यांना मात्र हा मार्ग कधीच सोपा वाटलेला नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकींचे शब्द प्रमाणित केले. त्यानुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला, १८ वर्षे पूर्ण वय आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असणे आवश्यक आहे. बीएमआय ३५ असल्यास हृदयविकार, तीव्र निद्रा-श्वसनरोध किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार हवा, आणि वजन घटवण्याचे कमी तीव्रतेचे उपाय निष्फळ ठरलेले असावे लागतात. म्हणजे चालणे, आहार, औषधे यांतून जाऊन हरलेल्या माणसालाच हे दार उघडते. शस्त्रक्रियेने ‘कठीण मार्ग’ टाळला, या आरोपाचे खंडन विम्याच्या अर्जातच आहे.

येथे एक खरा धोरणात्मक प्रश्नही आहे. या विषयातील दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष शिथिल करून बीएमआय ३५ असल्यास अन्य आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली, आणि आशियाई लोकांमध्ये स्थूलतेची मर्यादाच २५ पासून धरण्याचे सुचवले. कारण कमी वजनावरही येथे मधुमेह गाठतो. भारतातील विम्याचे निकष त्या मानाने चढे आहेत. ते किती उतरवावेत, यावर दुमत असू शकते. निकष उतरले की बाजारही विस्तारणार, ही शंका रास्त आहे. निकष चढे राहिले, तर रुग्ण अधिक वजनाने, अधिक आजारांसह आणि म्हणून अधिक जोखमीने शस्त्रक्रियेच्या मेजावर येतो, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर ‘सोपे’ या शब्दाविषयीची आपली भूमिका चमत्कारिकच आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीने काही वर्षांपूर्वी राज्यात धुमाकूळ घातला. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘विनासायास वेटलॉस’ हे शब्द आहेत. तेथे विनासायास असणे हा गुण ठरला, घराघरांत त्याची चर्चा झाली. शस्त्रक्रियेच्या बाबतीत तोच गुण दोष होतो. अडचण सोपेपणाची नसून, लठ्ठ माणसाने काही भोगल्यावाचून त्याची सुटका होऊ नये, या सुप्त अपेक्षेची असावी. हृदयाच्या बायपाससाठी निघालेल्या, आयुष्यभर धूम्रपान केलेल्या माणसाला कोणी ‘सोपा मार्ग’ म्हणत नाही.

टीकेत तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. शस्त्रक्रिया हे लोकसंख्येच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. चेन्नईतील मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात २८.६ टक्के प्रौढ स्थूल आणि ३९.५ टक्के पोटाच्या स्थूलतेने ग्रस्त आढळले. मधुमेहींची अंदाजित संख्या १० कोटी १० लाख. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तामिळनाडूतील ४०.४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल होत्या, देशाची सरासरी २४ टक्के असताना. एवढ्या लोकांना शस्त्रक्रियागृहात नेता येत नाही, नेऊही नये. खाद्यतेल, साखर, पाकीटबंद खाद्यपदार्थ, पदपथ नसलेले रस्ते आणि बारा तासांची बैठी नोकरी यांवरच तेथे काम करावे लागेल. अड्यारच्या परिसरातला तो चालण्याचा मार्ग या अर्थाने योग्य जागी आहे. तो पुढच्या पिढीला शस्त्रक्रियेपासून वाचवू शकतो. आज बीएमआय ४५ असलेल्याला तो एकटा वाचवू शकत नाही, एवढेच.

आता हाच शेरा नव्या औषधांकडे वळला आहे. टिर्झेपॅटाइड हे इंजेक्शन ‘माउंजारो’ नावाने मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे ‘वेगोव्ही’ जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या मुख्य भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्वस्त पर्यायांची चढाओढ अपेक्षितच होती. पोट न कापता वजन उतरते म्हटल्यावर शस्त्रक्रिया अनावश्यक ठरली, असे काहींनी घाईने जाहीरही केले. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत सहभागी झालेल्यांनी औषध थांबवल्यावर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे इंजेक्शनही दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर. दरमहा त्याचा खर्च काही हजारांत, शस्त्रक्रियेचा एकदाच पण लाखांत; कोणाला काय परवडते आणि कोणाच्या शरीराला काय मानवते, हे रुग्ण आणि डॉक्टर यांनी बसून ठरवायचे आहे. जाहिराती दोन्हींच्या सुरू आहेत, आणि टोमणे मारणाऱ्यांनी ‘पोट कापले’च्या जागी ‘सुई टोचून घेतली’ एवढाच बदल केला आहे.